आई काय म्हणते

रेडिंग,
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय जिबेकवहिनीस,

धाकट्या नणंदेचा सलाम. वि. वि. तू पाठवलेली कुरुतची पिशवी पोचली. शेजारच्या खोलीत अबेना म्हणून घानाची मुलगी राहते. तिने एक गोळी तोंडात टाकली आणि तुमच्याकडे माणसं खडू का खातात असं मला विचारलं. खारवून वाळवलेलं दही आहे म्हणून सांगितलं, तर तिने ती हळूच कागदात गुंडाळून ठेवली. बाकीच्या मी एकटीने खाल्ल्या. खाताना रडले, म्हणजे मीठ फुकट गेलं नाही.

अभ्यास बरा चालला आहे. इथे मला मेंढ्या कशा वाढवायच्या ते शिकवतात. बाबांना हे सांगितलंस तर ते खोकेपर्यंत हसतील, म्हणून जपून सांग. त्यांचा खोकला कसा आहे? प्राध्यापकांनी मला घरी किती मेंढ्या आहेत असं विचारलं. आमच्यात आकडा सांगत नाहीत, दृष्ट लागते, असं मी म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण आकडा सांगितला नाही.

वहिनी, हसून दाखवते आहे, पण मला इथे अजिबात करमत नाही. सकाळी डोळे उघडले की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. इथे घराभोवती डोंगर नाहीत, त्यामुळे नजर कुठे टेकवावी तेच कळत नाही. निघताना आईने माझ्याकडून नानचा एक चावा घेववला आणि उरलेलं नान, मी परत येऊन संपवावं म्हणून, भिंतीला टांगलं. ते अजून आहे ना? माझ्या दातांची खूण तिथे भिंतीवर आणि बाकीची मी इथे, असं झालं आहे.

आईला पत्र लिहायचा किती कंटाळा, ते मला ठाऊक आहे. पण तिला एवढं विचार, की मी ईस्टरच्या सुट्टीत कायमची परत येऊ का? कारणं नकोत, उपदेश नको. तिने स्वतःच्या हाताने एकच अक्षर लिहावं, “ये”. मी दुसऱ्या दिवशी निघेन.

दादांना आणि बाबांना सलाम. माझ्या वाट्याची माया सांभाळून ठेव, मी येऊन मागून घेईन.

तुझी,
उमसुनाय

*

आत-बाशी,
२६ मार्च १९९८

चि. उमसुनायला,

वहिनीचे अ. आ. नणंदबाई, पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. या महिन्यात घरात माणसांचा इतका राबता होता की चहाचं भांडं चुलीवरून उतरलंच नाही. माझा तर घसा पार बसला आहे. हवाच तशी आहे, दुसरं काही नाही. पोस्टातला फोनही बंद आहे, तेव्हा तिकडून फोन करायच्या फंदात पडू नकोस.

नवरोजला भरपूर बर्फ पडलं. आकाश स्वच्छ आहे, नमदे रात्रभर अंगणातच राहू देत, असं तुझे दादा म्हणाले. त्यांचं हवामानाचं ज्ञान तुला माहीत आहेच. सकाळी घराचे सगळे लोकरी नमदे भिजून दगडासारखे जड झालेले. आम्ही दोघांनी ते ओढत ओढत गोठ्यात नेऊन वाळत घातले. माझी कंबर अजून सरळ झालेली नाही, आणि दादा अजूनही म्हणतात की चूक बर्फाची.

तुझं पत्र आईंना वाचून दाखवलं. आई म्हणतात, येऊ नकोस. परीक्षा दिल्याशिवाय परतायचं नाही म्हणतात. सांधे धरले आहेत, हातात लेखणी राहत नाही, म्हणून मलाच लिहायला सांगितलं. वेळेवर जेव, अंग झाकून झोप, थंडीत हिंडू नकोस, स्वतःची काळजी घे, असंही म्हणतात. तुझं नान भिंतीवर जिथल्या तिथे आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही.

धाकटे, तिथेच राहा गं. आमच्यासाठी राहा. अभ्यासात मन घाल म्हणजे दिवस जातील. आता डोळे मिटताहेत, म्हणून थांबते. आठवण काढत जा आणि राग आला तर तो माझ्यावर काढ.

तुझी वहिनी,
जिबेक

*

बसमधून,
२ मे १९९८

प्रिय जिबेकवहिनीस,

सलाम वि. वि. आईने नाही म्हटलं म्हणून ईस्टरला निघाले नाही. रुसून बसले होते, त्यामुळे उत्तरही लिहिलं नाही. आज रुसवा सोडते, कारण आज माझी वरात निघाली आहे. परदेशी मुलांना इंग्लंडची खेडी दाखवायला विद्यापीठाने बस काढली आहे. मिसेस पेनफोल्ड म्हणून एक उत्साही बाई आमच्या म्होरक्या आहेत. प्रत्येक थांब्यावर त्या आम्हाला बोट लावून मोजतात. आमच्याकडे मेंढ्यांनासुद्धा असं मोजत नाहीत, असं मी अबेनाला सांगितलं. ती म्हणाली की म्हणूनच तुमच्या मेंढ्या हरवत असतील.

बाहेर इतकं हिरवं आहे की डोळ्यांना शीण येतो. टेकड्यांवर कमरेएवढ्या भिंती, दगडावर दगड ठेवून केलेल्या. त्यांच्यामध्ये मेंढ्या. वहिनी, त्यांच्याजवळ कुत्रं नाही, घोडा नाही, माणूस नाही! मी बाईंना विचारलं की यांचा मेंढपाळ कुठे आहे. घरी चहा पीत असेल, असं त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. मला मात्र त्या मेंढ्या बघून भरून आलं. एवढं गवत असून त्यांना हाक मारायला कुणी नाही.

दुपारी काकडी घातलेला पाव खाल्ला. प्रत्येक गावात एक चर्च, एक ओढा, त्यात बदकं आणि ओढ्याकाठी आम्ही फोटोला उभे. काय सुंदर आहे, असं मिसेस पेनफोल्ड दर वळणावर म्हणतात. खरंच सुंदर आहे. पण मला दाखवायला कुणी नाही, म्हणून ते मला नुसतं दिसतं. पुढचं गाव आलं, उतरायला सांगताहेत. उरलेलं परतताना लिहिते.

आता परतीच्या वाटेवर आहोत. वहिनी, अक्षर लावून घे.

त्या गावाच्या मधोमध गवताचं मैदान होतं आणि मैदानात पांढरंशुभ्र, गोल माथ्याचं काहीतरी उभं होतं. मला वाटलं, आपलं कुरणावरचं नमद्याचं घर! मी वेड्यासारखी पळत सुटले. मागून मिसेस पेनफोल्ड हाका मारत होत्या. दारापाशी पोचले, तर तो कापडी मांडव. आत टेबलांवर मुरंब्यांच्या बाटल्या मांडलेल्या आणि म्हाताऱ्या बायका चमच्याने चाखून नंबर देत होत्या. एकीने मला प्रेमाने आत बोलावलं. तिचं बोलणं मला समजलंच नाही, कारण तेव्हाच तुझ्या पत्रातले ते भिजलेले नमदे आठवले आणि डोक्यात लख्ख झालं.

वहिनी, आपलं नमद्याचं घर मार्चमध्ये अंगणात कशाला होतं?

कुरणावर जायला जून उजाडतो. तोवर ते गोठ्याच्या माळ्यावर बांधलेलं असतं. अंगणात ते उभारतात लग्नाला, नाहीतर मयताला. घरात लग्नाचं कुणी नाही. मग बर्फाच्या दिवसांत ते अंगणात उभारलं ते कुणासाठी? आत कुणाला निजवलं होतं? माणसांचा राबता कसला होता? तुझा घसा थंडीने बसला नाही, वहिनी. तू आपल्या रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून आक्रोश करत होतीस. आणि तुला हवेखेरीज काही सुचू नये का, म्हणून मी मनात हसत होते.

मी तुझं पत्र बॅगेतून काढून पुन्हा वाचलं. त्यात सगळीकडे आई आहे. बाबांचं एक अक्षर नाही. मी खोकल्याचं विचारलं होतं, त्याचंही उत्तर नाही. बाबा गेले ना? माझ्यापासून उगाच लपवू नका, मी आता मोठी आहे.

अबेनाने माझा हात धरला आहे. बाकीचे गाणी म्हणताहेत.

आईजवळ बस, वहिनी. तिला रडू दे, अडवू नकोस. तिला सांग की मी आता येते म्हणून हट्ट धरणार नाही, पण ती म्हणेल तेव्हा निघेन. बाबा तिच्यावर खेकसायचे, पण तिने दिलेला चहा सोडून दुसऱ्याच्या हातचा घ्यायचे नाहीत, ही आठवण तिला करून दे. म्हणावं, तुझी लेक आहे. तू एकटी नाहीस.

खरं काय ते लिही. यापुढे गोड काही लिहू नकोस.

तुझीच,
उमसुनाय

*

आत-बाशी,
२४ मे १९९८

माझ्या लेकीला,

बापाचे आशीर्वाद. पोरी, हे अक्षर माझं आहे. नीट बघ. मी आहे.

मला लिहिता येतं तेवढं मेंढ्यांच्या कानावर खूण करण्यापुरतंच, असं तुझी आई म्हणायची. आता वाक्य सुरू केलंच आहे तर पुरं करतो. घर अंगणात उभारलं ते तिच्यासाठी. मार्चच्या मध्यात गेली. पोटात दुखणं होतं, ते तिने हिवाळाभर लपवलं. बिष्केकला न्यायचं ठरलं तेव्हा घाट बर्फाने बंद होता.

ही बातमी कागदावरून द्यायची नसते. चार वडीलधारे शेजारी बसवून, हात धरून सांगायची असते. तू आलीस की तसं करणार होतो. तू बाबा गेले असं समजून आईचं सांत्वन केलंस, ते पत्र जिबेकने मोठ्याने वाचायला घेतलं आणि तिला पुढे वाचवेना. तेव्हा मी ठरवलं की आता आपणच लिहायचं.

जिबेकवर रागावू नकोस. ती नाही म्हणत होती. तिला मी बसवून लिहायला लावलं, आई म्हणते, आई म्हणते. ती लिहीत होती आणि शाईवर पाणी पडत होतं, म्हणून पत्र दोनदा उतरवावं लागलं.

आता जे सांगतो ते सांगू नये असं तुझा दादा म्हणतो. पण तू गोड लिहू नका म्हणालीस. तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हा ती होती. वाचून दाखवलं. खडूचं ऐकून हसली. मग म्हणाली, तिला ये म्हणावं. लेखणी मागितली. मी दिली नाही. मला वाटलं, पोर अर्ध्यात सोडून येईल, घाट बंद आहे, पोचणार नाही, आणि शिक्षणही जाईल आणि आईची भेटही. म्हटलं, उद्या लिहू. दुसऱ्या दिवशी ती बोलत नव्हती.

बायका रडायला बसल्या तेव्हा जिबेकने तुझी जागा रिकामी ठेवली होती. तिथे तुझा जुना कोट अंथरून ठेवला. माणसं येत, गळ्यात पडत, आणि त्या कोटालाही हात लावून जात.

नान भिंतीवर आहे. यायचं की राहायचं ते तू ठरव. मला आता कुणाला काही सांगायचा हक्क राहिला नाही. खोकला बरा आहे.

तुझा बाप

*

रेडिंग,
१२ जून १९९८

प्रिय जिबेकवहिनीस,

सलाम. वि. वि. बाबांचं पत्र मिळालं. त्यांना हे पत्र दाखवू नकोस, त्यांना वेगळं लिहीन. अजून जमत नाही.

काल गुरुवार होता, गेलेल्यांसाठी तळायचा वार. कणीक मळून, तुकडे करून आईच्या नावाने तेलात बोरसोक तळायला घेतले. तेलाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो असं तीच सांगायची. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात धूर झाला आणि भोंगा वाजला. सगळी मुलं इमारत सोडून मैदानात जाऊन उभी राहिली. आगीचा बंब आला. टोपी घातलेल्या एका माणसाने मला विचारलं की एवढं काय शिजवत होतीस. मी त्याला काय सांगू, वहिनी? नाश्ता, एवढंच म्हणाले. आणि तिथेच मैदानात सगळ्यांसमोर मला रडू फुटलं. घरच्या बायका रडतात तसं मोठ्याने. लोकांना वाटलं, आगीला घाबरली. अबेना तेवढी शेजारी येऊन बसली आणि तिच्या भाषेत रडू लागली. तिचं कोण गेलं होतं, ते मी विचारलं नाही. नंतर आम्ही जळालेले बोरसोक खाल्ले. तिने या वेळी एकही कागदात गुंडाळून ठेवला नाही.

परीक्षेला बसले. मेंढ्यांच्या रोगांवर प्रश्न होता, तो येत होता, लिहिला. बाहेर आल्यावर वाटलं, हे कुणाला सांगू? आधी वाटायचं, तिला सांगायचं आहे म्हणून दिवस ढकलायचा. आता ढकलून तो न्यायचा कुठे?

तुझ्यावर मी फार रागावले होते. तुझं पत्र फाडायला घेतलं आणि त्यातलं आई म्हणतात, एवढं वाचून परत घडी घातली. खोटं आहे हे कळूनही मला तेवढ्याच ओळी वाचवतात. पण तुला तिच्यासारखं बोलता येत नाही गं. स्वतःची काळजी घे, असं ती जन्मात म्हणाली नसती. ती आधी झाडायची. केस का कापलेस, कोट कुठे टाकलास, तुला अक्कल कधी येणार. आणि मग ओरडून झाल्यावर जेवलीस का विचारायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाबांना दोष देऊ नका. तेही माझ्यासारखेच उद्यावर टाकून बसले.

शिष्यवृत्ती सप्टेंबरपर्यंत आहे. तोवर राहायचं की उद्या निघायचं, मला काही ठरवता येत नाही. इथे माझं कुणी नाही आणि तिथे आता आई नाही. दोन्हीकडे सारखंच रिकामं दिसतं. मी फेब्रुवारीत एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

म्हणून एक मागते, नाही म्हणू नकोस. पुढच्या पत्रातही आई काय म्हणते ते लिही. आधी मला चांगली झाड. केसांवरून झाड, बोरसोक जाळले त्यावरून झाड. अंगण, बर्फ, दादा, कशाचंही लिहू नकोस. आणि शेवटी, वहिनी, तुझ्याच हाताने, पण तिच्या नावाने लिही, की आई म्हणते, ये.

तुझी वाट बघणारी,
उमसुनाय