पाठीले हात लावणारा डॉक्टर

सर, आज अमरावतीत एका शाळकरी मुलीचा वाकडा झालेला कणा मी सरळ केला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असं काही जमलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

मुंबईतली चांगली नोकरी सोडून तुम्ही अकोल्याला परतलात आणि जठारपेठेत दवाखाना काढलात, तेव्हा सगळ्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं होतं. पाठीचं ऑपरेशन केलं की माणूस लुळा होतो, असंच तेव्हा लहानथोर मानत. मी तुमच्या हाताखाली नवीन होते. बार्शीटाकळीच्या एका माळी घरातल्या सुनेला बाजेवर घालून आणलं होतं. क्षयानं मणका पोखरलेला, पायांतली ताकद गेलेली. दिवसभर भाजीच्या वाफ्यात राबणाऱ्या त्या बाईला आता कूस बदलायलाही सासू लागत होती. मी उत्साहानं तिच्या नवऱ्याला सांगून टाकलं, "काळजी करू नका, चालतील त्या." तुम्ही मला व्हरांड्यात नेलंत. "वचन काहून दिलं? तू देव हायेस काय?" मग आत जाऊन तिच्या बाजेशी बसलात. सासू हात जोडून म्हणाली, "डाक्टर, पाठीले हात नका लावू. उरलीसुरली ताकद बी जाइन." तुम्ही सुनेकडेच पाहत राहिलात. "बाई, हात नाई लावला तं तू उठणार नाईस. लावला तं उठू शकशीन. उठशीनच, असं मी म्हणत नाई. आता तू सांग." नवरा मध्ये बोलायला लागला, तसं तुम्ही त्याला हातानं थांबवलंत. ती म्हणाली, "लावा."

मी ऑपरेशनच्या टेबलाशी तुमच्यासमोर उभी आहे. पू काढून झालाय, तिच्याच बरगडीचा तुकडा तुम्ही मणक्यांमधल्या पोकळीत बसवताय, आणि तुमच्या हातांना कसलीही घाई नाही. त्यानंतरचे दिवस मात्र कठीण गेले. रोज सकाळी तुम्ही म्हणायचात, "अंगठा हालव," आणि अंगठा हलायचा नाही. तुमचा जेवणाचा डबा न उघडताच घरी परत जायचा. एका सकाळी अंगठा हलला. सासू ओरडली, "हालला वं माय!" तुम्ही फक्त म्हणालात, "आता दुसरा," आणि बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभे राहिलात. दिवाळीनंतर ती बाई मेथीच्या जुड्या घेऊन स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली. मग पार धामणगावापासून लोक तुमच्याकडे येऊ लागले, आणि पाठीला हात लावू नका म्हणणारं कुणी उरलं नाही.

आज त्या मुलीच्या बापानं "नक्की बरी होईल ना?" असं विचारलं, तेव्हा मीही वचन दिलं नाही. आधी मुलीशी बोलले. तुमचं बहुतेक सगळं मी असंच उचललंय. एक सोडून. पाठ पुरती उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात घालायचा नाही, असं तुम्ही बजावायचात. हल्ली मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीची ऑपरेशनं मी दुर्बिणीनं, बोटभर चिरेतून करते, आणि माझे पेशंट दुसऱ्या दिवशी चालतात. सर, त्या बाबतीत तुमचं चुकत होतं. हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहायला जमलं. तुम्ही समोर असता, तर मी "हो सर" म्हणून गप्प बसले असते.