मेघनाच्या कांबळ्याला हळद

१० फेब्रु.
परवा वास्तुशांत. सूनबाईंनी नव्या हॉलच्या भिंतीवर मोरोक्कोहून आणलेलं कांबळं टांगलंय. पांढरी लोकर, टिकल्यांच्या ओळी. तिकडच्या बर्बर लोकांत नवरी लग्नात खांद्यावरून घेते म्हणे. म्हणजे कुणाचं तरी वापरलेलं, त्यात पांढरं. मी बोलून गेले, "मढ्यावर घालत्यात तसलं कापड हॉलात कशाला गं?" मेघना वळून आत गेली. ह्यांनी डोळे वटारले. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

११ फेब्रु.
पाहुणे नावं ठेवतील हेच डोक्यात. मेघना ऑफिसला गेल्यावर स्टुलावर चढले. कोऱ्या कापडाला लावतो तसं चारी कोपऱ्यांना ओल्या हळदीकुंकवाचं बोट लावलं. वाटलं, आता शुभ झालं.
संध्याकाळी तिनं बघितलं. "आई, विचारायचं तरी हुतं की मला." एवढंच. घाईनं साबण लावून पुसायला गेले तर पिवळ्याचं तांबडं झालं. हळदीला साबण चालत नाही, हे या वयात मला कळू नये?

१२ फेब्रु.
वास्तुशांत पार पडली. भिंत मोकळी. मेघना सगळ्यांशी हसून बोलत होती, मला सोडून. दुपारी वडिलांबरोबर माहेरी इचलकरंजीला गेली. चार दिवसांनी येते, असं आमच्या रोहितला म्हणाली.

१४ फेब्रु.
रोहितला म्हटलं, कापडासाठी एवढा राग? पोरगं भडकलं. "लेकीच्या लग्नासाठी आई, मावश्या बसून विणत्यात ते. ही सहा वर्षांची असताना तिची आई गेली. हिच्यासाठी कोण विणणार हुतं? म्हणून दुसऱ्या कुणाच्या आईनं विणलेलं घेऊन आली. आणि तू मढ्यावरचं म्हणालीस."
तिला आई नाही हे मला काय माहीत नव्हतं? लग्नात मीच चारचौघांत मिरवलं होतं, आता मीच हिची आई म्हणून. लाज वाटते.

१९ फेब्रु.
चाराचे सात दिवस झाले. उन्हात हळद उडते म्हणून कांबळं रोज गच्चीवर नेते. पिवळं बरंच गेलं, कुंकू हटत नाही. आधी नुसतं विचारलं असतं तर

२१ फेब्रु.
शेवटी मीच फोन केला. "मेघना, डाग पुरता निघंना."
"ऱ्हाऊ दे, आई."
मग मी म्हणाले, "चुकलं माझं." घरात आजवर कुणाला हे म्हटलेलं आठवत नाही.
ती म्हणाली, "व्हय."
कधी येतेस, हे विचारायचा धीर झाला नाही.