पडद्याची चिंधी

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं मी टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. पेन हातात घेतलं की कुणीतरी चहाला हाक मारायचं, आणि मग मी भलतीकडेच. सध्या एका गॅरेजात टिकलोय, हसू नकोस. मेस्त्री म्हणतो, तुझं तोंड पान्याने आवळता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

काल सोनेरी चष्म्याचा एकजण काळी गाडी घेऊन आला. धक्के खात, कशीबशी चारपैकी तीनच सिलिंडरवर चालत होती. मेस्त्रीने मला मॅनिफोल्ड काढायला लावला, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा जुडगा. दाजींनी शिकवल्याप्रमाणे बोल्ट कडेकडून मधे, थोडे थोडे सैल केले. जुडगा उचलला, तर खालच्या एका भोकात चिंधी कोंबलेली. निळी, पांढऱ्या पक्ष्यांची, थेट तुझ्या स्वयंपाकघरातल्या जुन्या पडद्यासारखी. तिला दोऱ्याचा तुकडा होता, ब्लेडने कापल्यासारखा. गंमत म्हणून पाठवतोय. दाजींना कळव, तुमच्यासारखे चिंधीवाले जगात आणखी आहेत.

लोभ आहेच, माझ्या आळसापायी तो आटू नये.
तुझा भटक्या

ता. ७ मार्च

चि. भटक्यास,
अ. उ. आ.

चिंधी माझ्याच पडद्याची आहे. शिवण माझ्या हातची. तो पडदा ह्यांनी कामावर नेला होता.

तुला कळवलं नाही, पण ह्यांची पत्रं बंद झालीत. शेवटच्यात ह्यांनी लिहिलं होतं, "एक चष्मेवाला चोरीच्या गाड्यांचे इंजिन नंबर खोडून मागतो. मी नाही म्हणतो, तर घर कुठे म्हणून गोड बोलून विचारतो. मी सांगत नाही, तूही कुणाला सांगू नकोस."

उघड्या भोकांत काही पडू नये म्हणून हे चिंध्या कोंबतात, आणि सगळ्या एकाच दोऱ्याला बांधतात, म्हणजे एकही आत राहू नये. ह्यांच्या हातून ती विसरणं शक्य नाही. त्यानेच ह्यांना डांबून दुरुस्तीला बसवलं असेल, आणि ह्यांनीच दोरा कापला असेल, गाडी लांब जाऊ नये म्हणून. तू ती नीट करू नकोस. भाग मिळत नाही म्हणून सांग. आणि तोंड आवर, बाबा.

पोच लगेच दे, माया आहे तशीच आहे.
तुझी ताई

ता. ७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं पत्र. बघ, सुधारलो की नाही? गाडी आज गेली. नवं पॅकिंग घातलं, बोल्ट मधून कडेला आवळले. आता इंजिन चालू आहे हेसुद्धा कळत नाही.

चष्मेवाल्याने चिंधी मागितली. म्हटलं, ताईला पाठवली, तिच्या पडद्यासारखी होती. मग तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. तुझी फार आपुलकीने चौकशी केली. मीही सुटलो, पार तुझ्या जिन्याच्या तुटक्या पायरीपर्यंत सांगितलं, ती वाजते, तिच्यावर पाय देऊ नका म्हणून. जाताना तो म्हणाला, "तुझे दाजी घरचं काहीच बोलत नाहीत रे."

मी दाजींचं नावही काढलं नव्हतं. लगेच लिही.

लोभ असू दे, आज जरा जास्तच.
तुझा भटक्या

ता. १० मार्च

चि. भटक्यास,

पत्र आत्ता मिळालं. रागवायला वेळ नाही. मेस्त्रीला घेऊन चौकीवर जा, सगळं सांग. मी शेजारच्या शिंपीणबाईंकडे...

हे आलेत. खिडकीतून दिसतायत. काळी गाडी खाली कधी थांबली, कळलंच नाही. स्टिअरिंगवर हेच आहेत, किती वाळलेत. वर बघून मान हलवतायत, नको, नको म्हणून. गाडीचं मागचं दार उघडं आहे, मागच्या सीटवर कोणी नाही.

पत्र गॅलरीतून शिंपीणबाईंच्या हाती देतेय. मघापासून पायरी वाजायची वाट बघत होते. ती वाजलीच नाही, आणि दारावर टकटक झाली.