अकरा जणांना वाटलेल्या चार नोकऱ्या

नवागाम, सुरत
उत्तराण

प्रिय वर्षा,

नगराध्यक्ष झालेल्या बायकोला पत्र कसं लिहायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. 'माननीय महोदया' लिहून पाहिलं आणि एकटाच हसत बसलो. तेव्हा आपलं जुनंच बरं. आज उत्तराण, म्हणजे आपली संक्रांत, म्हणून आमचं लूमचं खातं, कापडाचा अख्खा कारखाना बंद आहे. सगळी गल्ली पतंग घेऊन धाब्यावर चढलीय आणि मी खोलीत कागदासमोर बसलोय. फोन का केला नाही म्हणशील. कारण आहे, पण आधी मला तुझं पोटभर कौतुक करू दे.

नगरपालिकेच्या सभेचा व्हिडिओ इथे तुझ्या फोनच्याही आधी पोहोचला. आपलं अर्धं गाव नवागामातच राहतं म्हटल्यावर पोहोचणारच. दगाकाकांच्या ओट्यावर एका मोबाइलभोवती आम्ही वीस डोकी. सभेपुढे प्रश्न एवढाच, की नगराध्यक्षांच्या दालनात चार माणसं लागतात, स्वीय सहायक, लिपिक, ड्रायव्हर आणि शिपाई, ती नेमायची कुणी? विरोधी गटाचे सुकदेवअण्णा उठले आणि म्हणाले, नगरसेवकांची समिती नेमेल, ताईंनी फक्त सही करावी. यावर तुझ्याच गटात बसलेला आपला योगराज गालात हसला. माझा सख्खा भाऊ! पण त्याच्या तरी डोक्यात दुसरं काय होतं? नगराध्यक्षाची जागा बाईसाठी राखीव निघाली नसती, तर तोच उभा राहिला असता. घरातली बाई उभी करू, सह्या ती करील, कारभार आपण बघू, हे आमच्या घरात ठरलं तेव्हा मीही मान डोलावली होती. खोटं कशाला बोलू.

आणि मग तू उठलीस. कागद नाही, चिठ्ठी नाही. म्हणालीस, मला या सभागृहातल्या सतरा हातांनी निवडलेलं नाही, गावाने थेट बटण दाबून निवडलंय. माझ्या दारातला माणूस लोकांशी वाकडा वागला तर शिव्या मलाच बसणार, म्हणून माणूस मीच निवडणार. पण फलकावर नोटीस लागेल, अर्ज लेखी येतील, आणि कुणाला का घेतलं ते याच सभेत वाचून दाखवीन. सुकदेवअण्णांनी टोमणा मारला, की पहिला अर्ज ताईंच्या घरातूनच येईल. तू शांतपणे घोटभर पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, येऊ द्या, वाचीन. दहा विरुद्ध सात! योगराजचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, तोही इकडेतिकडे बघत. इथे ओट्यावर अशा शिट्ट्या वाजल्या, की समोरच्या लूममधले कारीगर बाहेर आले. मी जिलेबी-फाफडा वाटला, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटलो की ही माझी बायको.

आता माझा प्रताप ऐक. मतदानाला इथून तीन लक्झरी बस निघाल्या, आठवतंय ना? पहिल्या बसचा म्होरक्या मी. बारडोली मागे पडली तशी माझी जीभ सुटली. एकाच्या मुलाला शिपाई केलं. कामरेजला राहणाऱ्या एका भाच्याला ड्रायव्हर केलं. मग दुसऱ्यालाही तीच गाडी दिली. नवापूर येईपर्यंत चार नोकऱ्या मी अकरा जणांना वाटून मोकळा झालो होतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! सभेनंतर ते अकराही जण माझ्याकडे बघून हसत होते, आता काम झालंच म्हणून.

गेले तीन दिवस खात्यातून सुटलो की घरोघर जाऊन हात जोडतोय. नोकरी माझी नव्हती, शब्द खोटा दिला, फलकावर नोटीस लागेल तेव्हा अर्ज करा, असं अकरा वेळा म्हटलं. एकाने दारातूनच परत पाठवलं, दुसऱ्याची बायको तोंडावर बोलली. दगाकाका तेवढे बिडी विझवून म्हणाले, "आरे भो, खुर्ची तिनी शे, नोकऱ्या तू कशा वाटस?" खुर्ची तिची आहे, सगळ्यात जास्त हेच लागलं.

त्या दिवसापासून एक गोष्ट सारखी आठवतेय. तू इथे असताना नळाच्या अर्जासाठी एका कार्यालयात दोनदा गेली होतीस. दारावरचा माणूस तुला आत सोडेना, 'तमारा मिस्टरने मोकलो', नवऱ्याला पाठवा, म्हणायचा. तिसऱ्यांदा मी आलो आणि पाच मिनिटांत काम झालं. मी केवढा फुशारलो होतो! तू मात्र घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिलीस. तेव्हा मला कळलं नाही. आता कळतंय, की तुझ्या दारात मी बसलो, तर येणारा प्रत्येक जण माझ्याशीच बोलून परत जाईल. आत तू आहेस याची कुणाला आठवणही राहणार नाही.

कारण पहिला अर्ज खरोखरच आपल्या घरातून आलाय, वर्षा. स्वीय सहायकासाठी माझा. सभेआधीच मी तो पार्सलच्या गाडीने पाठवला होता, आणि शेठला नोकरी सोडतो म्हणूनही सांगून बसलो होतो. बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली. वाटलं, आता सावलीत खुर्ची मिळेल, लोक साहेब म्हणतील. अर्ज तुला मिळून आठ दिवस झाले. रोज फोनवर जेवलात का विचारतेस, गुडघा कसा आहे विचारतेस, पण अर्जाचं नाव काढत नाहीस. सभेत दहा मतं मिळवणारी बाई नवऱ्यासमोर अडलीय, हे मला समजायला इतके दिवस लागले. तू नाहीच म्हणणार होतीस ना? म्हणायलाच हवं होतंस. तेवढा एक नकार मी तुझ्यासाठी सोपा करतो. अर्ज लेखी होता म्हणून माघारही लेखी पाठवतोय. मी माझा अर्ज मागे घेत आहे. काल शेठला सांगून आलो, की मी इथेच आहे. हा कागद फाईलला लाव, सभेत वाच, आणि माझं नाव मोठ्याने घे. मग तुला हवा तो माणूस नेम.

तुझाच,
आणि तुझ्या दालनात कुठल्याही पदावर नसलेला,
वाल्मिक