कोरफडीच्या रसाने जमलेली सोयरीक

पनवेल, सोमवार

शाजिया आपांस,

अय्यूबचा अदबीने सलाम. मस्कतला तुमची आणि दुल्हाभाईंची तब्येत ठीक असेल, तुमचे गुडघे एसीच्या हवेत फार दुखत नसतील अशी उमेद आहे. शेजारचा फुजैल परवा विमानाने तिकडे येतोय, त्याच्या हातून हे पत्र देतोय. आमच्याकडे सगळे खैरियतने आहेत. मी जरा अशक्त आहे, पण त्याचं कारण आजार नाही, कोरफड आहे.

झालं असं. माझी शुगर थोडी वाढली म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितलं. आता मी रोज सकाळी तळ्याकाठी चालतो. तिथे तुळशीराम नावाचे एक रिटायर्ड गृहस्थ भेटतात (वीज मंडळात होते, पण आजार सगळ्यांचे तेच तपासतात). ते म्हणाले, कोरफडीचा रस उपाशीपोटी प्या, गोळ्या सुटतील. आपल्या बाल्कनीत रंगाच्या डब्यात कोरफड आहेच. झुबेदा ती केसांना लावते, आजवर कोणी खाल्ली नव्हती.

काल पहाटे फज्रची नमाज झाल्यावर मी एक जाडजूड पान कापलं. नळाखाली धुतलं, तुकडे केले आणि सालीसकट मिक्सरला लावलं. वर लिंबू, काळं मीठ. कापताना बुडातून पिवळा चीक निघत होता. मला वाटलं, खरं औषध हेच, वाया का घालवा? म्हणून सुरीने निपटून तोही भांड्यात घातला. चव कशी होती ते विचारू नका. कडुलिंब त्यापुढे जिलेबी. पण औषध म्हणून डोळे मिटून ग्लास संपवला.

दुपारपर्यंत काहीच झालं नाही. उलट हलकं वाटत होतं. तुळशीरामांना दुवा दिली.

आता मुख्य गोष्ट. कालच चार वाजता आपल्या आलियाला बघायला उरणच्या मोरा बंदराहून मुकादम कुटुंब येणार होतं. मुकादमसाहेब बोटींची इंजिनं दुरुस्त करतात, मुलगा शाहीद बंदरात नोकरीला. घर चांगलं, माणसं शांत. आलिया हल्ली एका इस्पितळात औषधं देण्याच्या खिडकीवर बसते, हे तुम्हाला माहीत आहे. मी मनाशी ठरवलं होतं की त्यांनी विचारायच्या आधी आपणच मोठेपणाने सांगावं, लग्नानंतर मुलगी नोकरी सोडेल. (आलियाला हे विचारलं नव्हतं. ते राहून गेलं.)

पाहुणे बसले, सरबत आलं, आणि माझ्या पोटात असा पीळ पडला की मी ग्लास टेकवून उठलो. परत आलो. मुकादमसाहेब म्हणाले, "भाईसाहेब, मुलीच्या नोकरीचं कसं काय..." मी पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा त्यांनी तोच विषय काढला आणि मी उत्तर न देता निघालो, ते थेट बाथरूमची कडी लावूनच बसलो. आतून सगळं ऐकू येत होतं. मुकादमसाहेब हळू आवाजात बायकोला म्हणाले, "नोकरीचं नाव काढलं की उठतात. नाराज दिसतात. चल, निघू या." झुबेदा घाईने त्यांच्या ग्लासांत आणखी सरबत ओतू लागली. आपा, त्या वेळी मला पोटापेक्षा जास्त घाम त्या वाक्याने फुटला. बाहेर येऊन समजूत घालावी, तर येता येईना.

तेवढ्यात आलियाचा आवाज आला. "अब्बा नाराज नाहीत. कोरफड प्यायलेत. मिक्सर धुताना मला साल दिसली." मग म्हणाली, "आणि नोकरी मी सोडणार नाही. तेही आत्ताच सांगते."

मग मुकादमीण बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, "सोडू नकोस बाई. आमच्या घरात गोळ्यांच्या चिठ्ठ्या वाचणारं कोणी नाही."

थोड्या वेळाने दारावर टकटक. "चाचा, साखर-मिठाचं पाणी आणलंय. आलिया म्हणाली, घोट घोट प्या." मी दार बोटभर उघडलं. शाहीद ग्लास धरून उभा होता, तोंड अदबीने भिंतीकडे. होणारा जावई मी पहिल्यांदा नीट पाहिला तो असा.

आलियाने मग मुकादमीण बाईंना स्वयंपाकघरात कोरफड कशी साफ करायची ते सगळं करून दाखवलं. पान कापून पेल्यात बूड खाली करून उभं ठेवायचं, पिवळा चीक गळू द्यायचा आणि फेकून द्यायचा, तोच पोट बिघडवतो. मग काटेरी कडा काढायच्या, साल दोन्ही बाजूंनी जाड सोलायची, हिरवं अजिबात ठेवायचं नाही. आतला काचेसारखा गर पिवळेपणा आणि कडवटपणा जाईपर्यंत पाण्यात धुवायचा. आधी अगदी थोडा खाऊन बघायचा, रोज तर नाहीच. पोटुशी बाई, लहान मुलं यांनी खायचाच नाही. आणि शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी (हे ती बाथरूमकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली) डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

मी आता गोळ्याच घेतो. आज तळ्यावर तासभर उशिरा गेलो, म्हणजे तुळशीराम भेटू नयेत.

दुल्हाभाईंना सलाम.

तुमचा,
अय्यूब

ता. क. सोयरीक पक्की झाली. मंगनी पुढच्या महिन्यात आहे.

ता. क. २ खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहिलं. मागच्या ईदला तुम्ही झुबेदाच्या शिरखुर्म्याला पातळ म्हणालात, तेव्हापासून तुमचं दोघींचं बोलणं बंद आहे. ती अजून रागात आहे, पण मंगनीला तुम्ही हव्याच. मी तिला हळूहळू समजावतो. तुम्ही तिकीट काढा.

आपा, सलाम. पाकीट मीच बंद करतेय, म्हणून वाचलं. यांना समजावण्याची तसदी नको. शिरखुर्मा पातळच झाला होता, दूध जास्त पडलं होतं. मंगनीचा तुम्ही करा. दोन दिवस आधी या. — झुबेदा