सहापर्यंत काकू

आई,

पाळणाघरातली मुलं आत्ता कुठे झोपली आहेत, म्हणजे तुझ्या नियमाप्रमाणे मी तुला काकू म्हणायला हवं. नाही म्हणणार. आज ती पोरगी जेवली! अख्खी वाटी वरणभात, आणि वर "अजून" म्हणाली. माझी लेक मीटिंगमध्ये आहे, आणि यातलं तुझ्याइतकं कुणाला कळणारही नाही.

निवृत्त झाल्यावर मी नेरूळच्या घरात पाळणाघर काढलं. नातवाला सांभाळायचंच होतं, त्यात बिल्डिंगमधली मुलं आली. त्यातली खालच्या मजल्यावरची ही मुलगी आल्यापासून दाराशी, चपलांपाशी बसून होती. घास पुढे केला की तोंड घट्ट मिटायची. तिची आई वाशीच्या एका ऑफिसात नुकतीच लागली आहे. काल जिन्यातच म्हणाली, "काकू, उद्या पण नाही जेवली ना, तर मी राजीनामाच टाकते. मला नाही बघवत." मी म्हटलं, "नोकरी सोडायची नाही. आणि रडायचं असेल तर ऑफिसात जाऊन रड, पोरीसमोर नको." बोलले खरी, पण माझ्या हातात काही नव्हतं.

कारण मात्र दिसत होतं. माझा नातू सारखा "आजी, आजी" करत मांडीत येतो आणि ती टक लावून बघत राहते. मला वाशीचं आपलं दोन खोल्यांचं घर आठवलं. मी शाळेतून येते, गुडघा फुटलेला, "आई!" म्हणून तुला बिलगते, आणि तू सांभाळायला घेतलेली सतरंजीवरची सगळी पोरं आपापल्या आईच्या नावाने भोकाड पसरतात. तू माझे हात सोडवलेस. "सहापर्यंत काकू म्हणायचं. त्यांच्या आया येईपर्यंत इथे कुणालाच आई नाही." मग हळद लावलीस, त्यांच्या गुडघ्यांना लावायचीस तशीच. इतका राग आला होता तुझा!

आज मी तेच केलं. नातवाला समोर उभं करून सांगितलं, "सहापर्यंत मला काकू म्हणायचं." चार वर्षांचा आहे, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वेडी आहेस का? तू आजी आहेस." मी डोळे वटारले. तो जरा विचारात पडला, मग सरळ चपलांपाशी जाऊन त्या मुलीला म्हणाला, "तू पण आजी म्हण. सहापर्यंतच हां! नंतर ती माझी." ती उठली. माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली, "आजी" म्हणाली आणि तोंड उघडलं. मी घाईघाईने भरवायला गेले गं, अर्धा घास साडीवर. तिच्या आईला फोन केला तर ती भर ऑफिसात ओरडली, "काय सांगता काकू!"

तुला हे का नाही सुचलं, असं खडसावून विचारणार होते. पण तुझ्याकडे वाटायला आजी कुठे होती? होती ती आईच, आणि त्या पोरांना तर आपापली आई हवी होती.

आत कुणीतरी कुरकुरायला लागलंय, उठायला हवं. तू आता नाहीस, हे पान कुठे जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. दुपारी तू पोरांना थोपटत बसलेली असायचीस तेव्हा मी मोरीतला नळ मोठा सोडायचे, आणि तू दबक्या आवाजात दटावायचीस, "पाणी का वाया घालवतेस?" मी हात धूत नव्हते. पाण्याच्या आवाजाआड तुला "आई" अशी हाक मारून घेत होते.