चाचणीच्या दिवशी दूध

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणारं आता कुणी उरलं नाही, एक मी सोडून. मी रागावले आहे. निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, म्हणून हे लिहायला बसले, तुमच्याच शाळेत, तुमच्याच ऑफिसात. मी इथली मुख्याध्यापिका झाले, हे तुम्हाला ठाऊक नसणार. पलीकडच्या वर्गाचं दार लावलेलं आहे, आत सहावी-सातवीची चाचणी चालू आहे, आणि बाहेरून आलेल्या दोन तपासनिसांनी मला बजावलं आहे की ती संपेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही.

तुमच्या वेळी पोरं दाटीवाटीने बसायची. आता नेऱ्याच्या रस्त्याला टॉवर उठलेत आणि गावातली मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. त्यांचे आईबाप वाटेत भेटले की वाकून नमस्कार करतात, मूल मात्र देत नाहीत. आमच्याकडे उरली ती वीटभट्टीवरच्या कातकऱ्यांची, बांधकामावर आलेल्या कानडी आणि बिहारी मजुरांची, फार्महाऊसच्या राखणदारांची. दिवाळीनंतर येतात, पावसाच्या आधी जातात, मधल्या काळात जे काय डोक्यात शिरेल ते शिरेल. गेल्या चाचणीत आमची शाळा लाल यादीत गेली. साहेबांनी सभेत ती यादी पडद्यावर लावली आणि सगळ्यांदेखत मला उभं केलं. यंदाही लाल आली तर वरचे वर्ग इथून काढून हायवेपलीकडच्या शाळेला जोडणार. तो रस्ता ओलांडून आमची एकही मुलगी जाणार नाही, घरी बसेल. हे साहेबांनाही कळतं, पण त्यांना कळून काय उपयोग.

सहावीत भट्टीवरची एक मुलगी आहे. वयाने सहावीत, वाचनाने दुसरीत. मीच तिला आणली, भट्टीवर जाऊन, तिच्या आईशी तासभर हुज्जत घालून. पट दाखवायला ती मला हवी होती आणि निकाल दाखवायला नको. कागदावर लिहिल्यावर किती घाण दिसतं हे. काल मी पुन्हा भट्टीवर गेले आणि तिच्या आईला म्हणाले, "उद्या एक दिवस नको पाठवू हिला."

ती कच्च्या विटा रचत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "काय केलं तिनी?"

"काही नाही गं. बाहेरची माणसं येणार आहेत, परीक्षा आहे."

"मंग परीक्षेला बसवायचीच नाय तर शालेत न्यायची कशाला? तुमीच आलेलात ना दारात, मॅडम? आमी नाय आलो."

मी स्कूटी चालू केली आणि निघून आले.

आज ती आलीच. डोक्याला तेल, दोन घट्ट वेण्या, सगळ्यांच्या आधी हजर. तेवढ्यात तपासनिसांची गाडी फाटकाशी थांबली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जा गं, दूध घेऊन ये, पाहुण्यांना चहा करायचाय." जवळच्या दुकानातून नाही, पार वरच्या आळीतल्या. ती धावत गेली. मी हजेरी घेतली, तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं आणि पत्रक त्यांच्या हातात दिलं. चाचणी फक्त हजर मुलांची. दार लागलं.

दार लागल्याबरोबर मला तुमची पितळी किटली आठवली. मी पाचवीत आहे. साहेब तपासणीला येणार म्हणून शाळा झाडूनपुसून लख्ख केलेली. तुम्ही मला बोलावता, किटली हातात देता आणि म्हणता, "तूच जा, तू सांडणार नाहीस." मी जपून दूध घेऊन येते तोवर साहेबांचा वर्ग बघून झालेला असतो. ही गोष्ट मी आयुष्यभर कौतुकाने सांगत आले, बाई. माझ्या मुलांनासुद्धा सांगितली, बाईंचा माझ्यावर केवढा विश्वास होता म्हणून. विश्वास कसला! मला वाचता येत नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही मला शाळेमागच्या तुमच्या खोलीवर बोलवायला लागलात. तुम्ही तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या आणि मी फळीवरच्या डब्यांची नावं वाचायची, तीळ, मीठ, हळद. चुकलं की पिठाच्या हातानेच टपली. वाचायला मी तिथे शिकले. ती तुमची माया होती की मनाला लागलेली टोचणी, एवढंच मला विचारायचं आहे. उत्तर काहीही आलं तरी तुमच्यावरचा जीव कमी व्हायचा नाही. पण आज विचारल्याशिवाय राहवत नाही.

ती दूध घेऊन आली आहे. चहा झाला, पाहुण्यांना गेला. ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आहे.

"परीक्षा झाली, मॅडम?"

"चालू आहे."

"मी जाऊ आत?"

"आता नाही घेत."

तिने त्या बंद दाराकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात, राग नाही, रुसवा नाही, म्हणाली, "आई बोललेली, मॅडम तुला नाय बसवायच्या."

हे पत्र मी पाठवणार कुठे? फाडून टाकीन, नाहीतर जुन्या कागदांच्या कपाटात कोंबीन. पण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही ते तुम्हाला सांगते. ती पोरगी हाताच्या अंतरावर बसली आहे, तिच्याकडे मला बघवत नाही, आणि तरी माझे कान सगळा वेळ त्या दाराकडे आहेत. ती आत नाही, याचं मला अजूनही बरं वाटतंय.